शैमाला कुणी ओढलं

टीव्हीवाल्यांची गाडी निवडुंगाच्या कुंपणापाशी थांबली तेव्हा मन्नूबिया अंगणात कणीक मळत होती. उजव्या कोपराने काथवट दाबून धरायची आणि डाव्या मुठीने कणीक रेटायची, असं आता तिचं चालायचं. उजवा हात कोपरात वाकडा बसला होता. बोटं उघडी राहायची, मिटत नसत.

गाडीतून चष्मेवाली एक बाई उतरली. मागोमाग कॅमेरावाला. बाईने मन्नूबियाकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि विचारलं, "सालहाबाई आहेत ना घरात?"

सालहा तयारच होती. तिने लाल मिलिया, अंगाभोवती गुंडाळायचं लांब वस्त्र, नेसली होती, खांद्यावर चांदीचा आकडा लावला होता, डोळ्यांत सुरमा घातला होता. तिला आधी फोन आला असणार. अंगण एक, तंदूर एक, समोरासमोर दोन खोल्या. तरी थोरल्या जावेकडे आज कोण येणार हे धाकटीला कुणी सांगितलं नव्हतं.

"ताई, जरा तिकडे सरकता का?" कॅमेरावाला मन्नूबियाला म्हणाला. "मध्ये येताय."

मन्नूबियाने काथवट कमरेवर घेतली आणि ती शेळ्यांच्या गोठ्याकडे गेली. तिथून तिला सालहाचा आवाज ऐकू येत होता. गेल्या वर्षीच्या अपघाताचा खटला उभा राहणार होता म्हणून टीव्हीला ती गोष्ट परत हवी होती.

"त्या दिवशी धुकं होतं," सालहा सांगत होती. "गाडी ओढ्यात उलटली. वसीलाची शैमा फळीखाली अडकलेली. मी माझी मिलिया सोडली, तिच्या कमरेला बांधली, दुसरं टोक खांद्यावरून घेतलं आणि पाय मोडलेला तरी बैलासारखी ओढत गेले."

मन्नूबियाने कणकेत मूठ खुपसली. मिलिया हिरवी होती. आणि ती मन्नूबियाची होती.

गेल्या वर्षी जैतुनाच्या तोडणीला ऐन सफ्साफ गावच्या बायका एका मोठ्या बागेच्या पिकअपमधून जात होत्या. गाडी उलटली तेव्हा मन्नूबियाचा उजवा हात तिथेच मोडला. हात मोडलेला असतानाच तिने पोरीला बाहेर काढलं आणि मग ती चिखलात आडवी झाली. तालुक्याच्या दवाखान्यात तिला सुई दिली आणि बोळकांडीत एका बाकावर झोपवून ठेवलं. सालहाचा पाय मोडला होता. ती शुद्धीत होती आणि तिची खाट दाराशी होती. मसूदींच्या सुनेने पोरीला वाचवलं, असं कुणीतरी टीव्हीवाल्यांना सांगितलं होतं. मसूदींच्या घरात सुना दोन. माईक दाराशीच थांबला.

दुसऱ्या दिवशी प्रांताचा वाली, तिथला सगळ्यात मोठा सरकारी साहेब, दवाखान्यात आला. सालहाला मोठ्या गाडीतून राजधानीला नेलं आणि पायात सळई घातली. मन्नूबियाच्या हाताला कंपाउंडरने प्लास्टर केलं. हाडांचा डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचा, आणि त्या आठवड्यात तो आला नाही.

मन्नूबियाने नवऱ्याला सगळं सांगितलं होतं. अम्मारने ते थोरल्या भावाला, लझहरला सांगितलं. लझहर म्हणाला, "तिनेही हात लावला असेल. धुक्यात कोण काय करतंय ते कुणाला दिसतं?" मग एकदा विहिरीवर तिने चार बायकांसमोर तोंड उघडलं. बायका एकमेकींकडे बघून हसल्या. त्यांनी टीव्हीवर डोळ्यांनी पाहिलं होतं.

"मन्नूबिया जळते गं," कुणीतरी म्हणालं.

आणि ती जळतच होती. ते काही खोटं नव्हतं.

"मन्नू, चहा टाक गं पाहुण्यांना," अंगणातून सालहाची हाक आली.

मन्नूबियाने चहा टाकला. वर पुदिन्याचं पानसुद्धा घातलं.

*

या वर्षीही जैतून पिकले. बागेची गाडी आता गावात येत नव्हती. बायका गावातल्याच लहान मळ्यांवर जायच्या. झाडाखाली जाळी अंथरायची, बोटांत बकऱ्याच्या शिंगांची टोपणं घालायची आणि केस विंचरावेत तशी फांदी विंचरायची. फळं टपटप खाली पडतात. मन्नूबियाने टोपणं डाव्या हातात घातली होती. उजव्या कोपराच्या वाकणात ती फांदी अडकवायची आणि डाव्याने ओढायची. तिची पाटी भरेपर्यंत बाकीच्यांच्या दोन रिकाम्या होऊन यायच्या. मळेवाला काही बोलत नसे. फक्त तिच्या वाट्याला कडेची, खुरटी झाडं द्यायचा.

वसीला शेजारच्या झाडावर होती. शैमाची आई.

"ईदला सालहाताईकडे शैमाला पाठवणार आहे," ती शिडीवरून म्हणाली. "पोरगी म्हणते, माझी दुसरी आई आहे ती."

"तिला म्हणावं, नळाचं तेवढं बघ," खालून कुणी बोललं. "तिचा एक फोन गेला की पाणी येईल."

"तिला वाली भेटला बाई. आपल्याला कोण वाली?"

सगळ्या हसल्या. मन्नूबियाही हसली. हसली नसती तर पुन्हा तेच बोललं गेलं असतं.

थंडीने तिचा कोपर ठणकत होता. तिने तो बगलेत दाबला आणि वर पाहिलं. सालहा या वर्षी तोडणीला आली नव्हती. डॉक्टरांनी तिला शिडी चढू नको सांगितलं होतं. पण ती नीट चालत होती. अंगणातून ती कमरेवर हंडा घेऊन जायची तेव्हा पाय मोडला होता असं सांगावं लागायचं. मन्नूबिया तो पाय रोज बघायची. कधी कधी तिला वाटायचं, तो पाय जरा लंगडत असता तरी आपल्याला झोप लागली असती.

सांजच्याला ती शेळ्यांसाठी पाल्याची मोळी डोक्यावर घेऊन घरी निघाली. वाटेवर एक गाडी तिच्याजवळ हळू झाली. आत शेदली होता, बागेचा मुकादम. जामिनावर सुटल्यापासून तो पहिल्यांदाच गावाकडे फिरकला होता.

"सलाम, मन्नूबिया. हात कसा आहे?"

ती थांबली नाही. गाडी तिच्या चालीने चालू लागली.

"मला माहीत आहे पोरीला कुणी ओढलं ते," शेदली म्हणाला. "मी काठावर उभा होतो. हिरवी मिलिया."

ती थांबली.

"वर्षभर हे कुठे होतं?" तिने विचारलं.

"मला कुणी विचारलं नाही. आता कोर्टात विचारतील. आमचे वकीलसाहेब तुला बोलावतील. तू फक्त खरं सांगायचं. शैमाला मी ओढलं, सालहाने नाही. मी खोटं बोलायला सांगत नाही, बाई. हे असं सांगणारा मुकादम तुला दुसरा भेटायचा नाही."

"त्याने तुमचं काय होणार?"

"सालहा म्हणते, बायका खाली बसू नयेत म्हणून गाडीच्या तळावर मी पाणी ओतलं. जी बाई वर्षभर टीव्हीवर खोटं बोलली, तिच्या पाण्याच्या गोष्टीवर कोण विश्वास ठेवील?" तो हसला नाही, सरळ बोलला. "किनाऱ्यावर मालकांच्या मेहुण्याचा दवाखाना आहे. हात पुन्हा मोडून नीट बसवतात. बोटं मिटतील. मालक म्हणाले, त्या बाईवर अन्याय झालाय, तिचं बघा."

"आणि हमादी?"

हमादी म्हणजे गाडीचा ड्रायव्हर. गावचाच. अपघातापासून तो तुरुंगात होता.

"गाडी त्याच्या हातात होती," शेदली म्हणाला. "माझ्या नव्हती."

गाडी पुढे गेली. मोळीतून पाल्याचं पाणी तिच्या मानेवर ठिबकत होतं.

अम्मारने जेवताना सगळं ऐकून घेतलं. मग भाकरीचा तुकडा शोरब्यात बुडवला.

"खरंच तर बोलायचंय," तो म्हणाला. "यात पाप काय आहे?"

"मी खरं बोलत होते तेव्हा तू खाली बघत होतास."

"तेव्हा कोण ऐकणार होतं? आता कोर्ट ऐकणार आहे. हात बरा होईल तुझा." त्याने तुकडा तोंडात टाकला. "हमादी तसाही आत आहे गं."

"आपल्या लग्नात गाडी त्यानेच चालवली होती."

"म्हणून काय आपला हात वाकडाच ठेवायचा?"

समोरच्या खोलीत दिवा होता. सालहाच्या खाटेच्या वर भिंतीला वालीबरोबरचा फोटो टांगला होता आणि सालहा पायाला तेल चोळत होती. "सरकार गरिबाला विसरत नाही," ती लझहरला सांगत होती. "माणसाने नीट बोलावं लागतं, एवढंच."

मन्नूबियाने आपलं दार लोटून घेतलं. हात बरा होणार या विचारापेक्षा, कोर्टात सालहाचं तोंड कसं होईल या विचारानेच तिला जास्त गोड वाटत होतं. ते तिला कळत होतं.

*

कोर्टाच्या दिवशी टीव्हीची गाडी सालहाला घ्यायला आली. लझहरही पुढच्या सीटवर बसला. "आत जागा नाही हो," चष्मेवाली बाई म्हणाली. मन्नूबिया आणि अम्मार भाजीच्या पिकअपमध्ये उभ्याने गेले. रस्त्यावर त्या ओढ्याचं वळण आलं तेव्हा मन्नूबियाने फळी डाव्या हाताने घट्ट धरली.

न्यायाधीश बाई होत्या. त्यांना सर्दी झाली होती. सारखा रुमाल नाकाला लावत होत्या. हमादी कठड्यामागे बसला होता. तो वाळला होता, मान वर करत नव्हता. शेदलीने इस्त्रीचा कोट घातला होता.

सालहाने साक्ष चांगली दिली. बोलायची तिला सवय झाली होती. निघताना मुकादमाने तळावर पाणी ओतलं, ती म्हणाली. तळ ओला असला की बायका खाली बसत नाहीत. उभ्या राहतात, म्हणजे जास्त मावतात. उभ्या असल्यामुळेच वळणावर सगळ्या एका बाजूला कोसळल्या आणि गाडी गेली.

बागेच्या वकिलाने आवाज चढवला नाही. "शैमाला तुम्हीच वाचवलंत ना, सालहाबाई?"

"हो."

"शपथेवर?"

सालहाने एकदा मागे, चष्मेवालीकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली.

मग मन्नूबियाचं नाव पुकारलं.

ती उभी राहिली तेव्हा सालहाचा चेहरा उतरला. नुसता उतरला नाही, म्हातारा झाला. मन्नूबियाने तो नीट बघून घेतला.

"पोरीला कुणी ओढलं?" वकिलाने विचारलं.

"मी."

"कसं?"

तिने सांगितलं. हिरवी मिलिया पोरीच्या कमरेला कशी बांधली. उजवा हात लोंबत होता म्हणून गाठ दातांनी कशी ओढली. दुसरं टोक डाव्या खांद्यावरून घेऊन, पोरीकडे पाठ करून ती कशी ओढत गेली. पोरीच्या पायातला बूट फळीखालीच राहिला. वसीला बाकावर होती. बुटाचं ऐकताच तिने तोंडाला पदर लावला, कारण बुटाचं टीव्हीवर कधीच आलं नव्हतं.

"म्हणजे सालहाबाई खोटं बोलल्या?"

"हो."

मागे कुजबुज झाली. मन्नूबियाच्या छातीत काहीतरी ऊन ऊन पसरलं. इतके दिवस तिला हेच हवं होतं आणि ते आलं होतं. वकील खाली बसला. तिला वाटलं, झालं, आता जावं.

"थांबा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. त्यांनी नाक पुसलं. "गाडी निघाली तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"मागच्या फळीपाशी."

"तळावर पाणी होतं का?"

शेदली तिच्याकडे बघत नव्हता. तिच्या उजव्या हाताकडे बघत होता. अम्मार जमिनीकडे. पहाट होती, अंधार होता, काही दिसलं नाही, एवढं म्हणायचं होतं. धुकं तर सगळ्यांनीच पाहिलं होतं. तिने तोंड उघडलं आणि तिला तो गारवा पायात आठवला. रबराच्या चपलेत शिरलेलं पाणी, आणि बधिर झालेली बोटं.

"माझ्या चपला भिजल्या होत्या," ती म्हणाली. "मुकादमाने ओतलं. तेलाचा पिवळा डबा होता त्याच्या हातात. हमादी म्हणाला, राहू द्या, थंडी आहे. मुकादम म्हणाला, उभ्या राहिल्या की त्यांना ऊब येईल."

कठड्यामागे हमादीने मान वर केली.

वकील उठला. "आत्ताच आपण पाहिलं की या घरातल्या बायका—"

"शैमाचं ती खोटं बोलली," मन्नूबिया म्हणाली. "पाण्याचं खरं बोलली. एकाच तोंडातून दोन्ही निघतं, साहेब. तुमच्याही निघत असेल."

"साक्षीदाराने वकिलांशी बोलू नये," न्यायाधीशबाई म्हणाल्या. पण त्यांनी ते लिहून घ्यायला लावलं.

बाहेर शेदली तिच्या अगदी जवळून गेला. "हात सांभाळ आता," एवढंच म्हणाला.

अम्मार पिकअपमध्ये तिच्यापासून लांब, समोरची फळी धरून उभा राहिला. घर जवळ आल्यावर मात्र त्याने आपलं जाडं जाकीट काढलं आणि तिच्या कोपरावर टाकलं.

*

निकाल लागला तेव्हा मुकादमाला शिक्षा झाली, हमादीला त्याहून कमी झाली, आणि बागेचे लोक वरच्या कोर्टात गेले. गावात म्हणाले, बघा, वरती सुटेल तो. तरी हमादीच्या आईने घरी गोड शिजवलं.

टीव्हीवर यातलं फार काही आलं नाही. टीव्हीवर सालहा आली. गावाला फसवणारी बाई, असं म्हणून तिचा जुना चेहरा आणि नवा चेहरा शेजारी शेजारी दाखवला. पोरीला खरं म्हणजे 'दुसऱ्या एका महिलेने' वाचवलं होतं, असंही ती चष्मेवाली म्हणाली. नाव नाही घेतलं.

मग लोक परत अंगणात येऊ लागले. शेजारच्या गावाहूनही आले. ते सालहाच्या दारापाशी उभे राहायचे, आत डोकवायचे, कुजबुजायचे, जाताना थुंकायचे. कुणी मन्नूबियाला पाणी मागायचं आणि पाणी पिताना विचारायचं, "ती हीच ना खोली?" मन्नूबिया पाणी द्यायची. बेअब्रूसुद्धा सालहाचीच मोठी झाली होती. इथेही मन्नूबियाच्या वाट्याला गोठ्याकडची बाजूच आली.

वसीला एका सकाळी शैमाला घेऊन आली. टोपलीत अंडी होती आणि मधाची बाटली.

"वर्षभर माझ्या पोरीने भलत्याच हाताचा मुका घेतला," वसीला म्हणाली. तिच्या आवाजात आभारापेक्षा तक्रारच जास्त होती. "तू बोलली का नाहीस?"

"बोलले होते. विहिरीवर. तू हसली होतीस."

वसीला टोपली खाली ठेवत होती, तशीच वाकलेली राहिली. शैमा पुढे झाली. तिने मन्नूबियाचा उजवा हात उचलून ओठांना लावला. बोटं तिच्या गालाला लागली, पण मिटली नाहीत. पोरगी लाजली आणि आईकडे पाहून हळूच म्हणाली, "मी सालहामावशीकडे जाऊन येऊ? ती जेवत नाही म्हणतात."

मन्नूबियाने तिला अंगण ओलांडून जाताना पाहिलं. दार उघडलं. आतून सालहाच्या रडण्याचा आवाज आला, आणि शैमाचा, तिला समजावणारा. दार लागलं. मन्नूबियाने अंडी मोजायला घेतली आणि सोडून दिली.

तोडणी संपली, बदामाला फुलं आली. राजधानीहून फोन आला की सालहाच्या पायातली सळई काढायची तारीख पुढे गेली आहे, कळवू. नंतर कुणी कळवलं नाही. लझहरने फोन केला की ते त्याला दुसरा नंबर द्यायचे. थंडी गेली तरी सालहा लंगडायला लागली. सळई आत टोचत होती. मन्नूबियाला वाटलं होतं आता झोप लागेल. दोन दिवस लागलीही.

ऊन बरं पडलं तशी ती हिवाळ्यातलं लोकरीचं कांबळं घेऊन झऱ्यावर गेली. धुतलं, खडकावर आपटलं. ओलं कांबळं पिळणं मात्र एका हाताचं काम नव्हतं. ती इकडे तिकडे बघत होती, तोच वाटेने सालहा आली. काठी टेकत. तिने काठी खडकाला लावली आणि न विचारता कांबळ्याचं दुसरं टोक उचललं. मन्नूबियाने आपलं टोक बगलेत घट्ट धरलं.



"तू पाण्याचं का सांगितलंस?" सालहाने विचारलं. "मला बुडवायचं तेवढं बुडवून झालं होतं. हात बरा करून घेतला असतास."

"तुझ्यासाठी नाही सांगितलं."

"ते माहीत आहे."

सालहाने पीळ घालायला सुरुवात केली. पाणी धार लागून पडलं.

"त्या दिवशी दवाखान्यात मी सकाळपासून पाणी मागत होते," ती म्हणाली. "कुणी बघत नव्हतं. माझं हाड बाहेर आलं होतं, मन्नू. मग ती बाई माईक घेऊन आली. म्हणाली, पोरीला ओढणारी तूच ना? मी हो म्हटलं. हो म्हटल्यावर पाणी आलं. मग डॉक्टर आला. मग जे येत गेलं ते येतच गेलं."

"नंतर नाही म्हणायचं होतं."

"कुणाला? वालीला? मला वाटायचं, नाही म्हटलं तर सळई काढून घेतील." ती कोरडं हसली. "आता काढा म्हणते तर काढत नाहीत."



"मला एक सांग," सालहा म्हणाली. "पोरीला मी ओढलं असतं, आणि दाराशी तुझी खाट असती. तुला विचारलं असतं. तर?"

मन्नूबियाच्या ओठावर उत्तर तयार होतं. कधीच नाही, असं. दवाखान्यातल्या त्या बाकावर पडण्याआधी ती तसं म्हणाली असती. तिने कांबळ्याचं टोक बगलेत आणखी आवळलं.

"हो म्हटलं असतं," ती म्हणाली.

सालहाने मान हलवली आणि पुन्हा पीळ दिला. दोन्ही मुठी ती एकीपुढे एक टाकत होती. बोटं आवळत होती, सुटत होती, परत आवळत होती. लोकरीतलं शेवटचं पाणी निघेपर्यंत मन्नूबिया त्या बोटांकडेच बघत उभी राहिली. तिला ती बोटं हवी होती.